एकटं टिंब

शनिवारी दुपारी माझ्याकडे दोन-तीन मुलं मेल सर्व्हर शिकायला येतात. येताना बहुतेकांनी पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅमची कुठून तरी उतरवून घेतलेली कॉन्फिग फाइल सोबत आणलेली असते. दीडशे ओळी असतात, आणि त्यातली कुठलीही ओळ तिथे का आहे हे त्यांना सांगता येत नाही. ती फाइल मी बाजूला ठेवायला लावते. पहिल्या दिवशी आम्ही टर्मिनल उघडतो, टेलनेटने माझ्या सरावाच्या सर्व्हरच्या 25 नंबरच्या पोर्टला जातो आणि एक मेल हाताने, शब्द टाइप करून पाठवतो.

आधी सर्व्हर बोलतो: 220, आणि पुढे त्याचं नाव. मग आपण हेलो म्हणायचं. इथे पहिली ठेच लागते, कारण या हेलोच्या स्पेलिंगमध्ये एल एकच आहे आणि सवयीने बोटं दोन टाकतात. पाठवणारा कोण, घेणारा कोण हे सांगितलं आणि दोन्ही वेळा 250 आलं, की डेटा म्हणायचं. सर्व्हर 354 देतो. म्हणजे आता मजकूर सांग, मी लिहून घेतो. गेल्या पावसाळ्यात सांगलीकडचा एक मुलगा इथपर्यंत बिनचूक आला, दोन ओळी लिहिल्या आणि थांबला. सर्व्हरही थांबला.

"ताई, अडकलं."

"अडकलं नाही. तुझं पत्र अजून संपलेलं नाही, म्हणून तो वाट बघतोय. नव्या ओळीवर फक्त एक टिंब दे."

त्याने टिंब दिलं, एंटर दाबलं. 250, आणि शेजारी क्यूतला नंबर. मेल पोचला. तो उघडून बघताना त्याने जो प्रश्न विचारला, त्याची मी प्रत्येक मुलाकडून वाट बघते. "ताई, यात 'प्रति'समोर कुणाचंच नाव नाही. मग हा पोचला कसा?"

पाकिटावरचा पत्ता वेगळा आणि आतल्या पत्राचा मायना वेगळा. पोस्टमन मायना वाचत नाही. मघाशी सर्व्हरला सांगितले ते दोन पत्ते म्हणजे पाकीट. टिंबापर्यंत जे लिहिलं ते आतलं पत्र. आत कुणाचंही नाव घाला, नाहीतर काहीच घालू नका, मेल पाकिटावरून जातो. बीसीसी यावरच चालतं, आणि बँकेच्या नावाने येणारे खोटे मेलही यावरच. एवढं मनात बसलं की पुढची अवघड वाटणारी आद्याक्षरं आपोआप उलगडतात. एसपीएफ पाकिटावरच्या डोमेनसाठी कोणत्या यंत्राने मेल पाठवायचे हे जाहीर करतं, डीकेआयएम आतल्या मजकुरावर सही करतं, आणि वाचणाऱ्याला दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यातलं डोमेन यांपैकी एकाशी तरी जुळतंय का ते डीमार्कमध्ये तपासलं जातं. हे तिन्ही मी आधी व्याख्या म्हणून शिकवायचे. मुलं पाठ करायची आणि विसरायची.

शिकवायला मी पोस्टफिक्स घेते, त्याला कारण आहे. वीट्झे व्हेनेमा यांनी ते आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिलं आणि 1998 च्या अखेरीस ते सर्वांसाठी खुलं झालं. एकाच मोठ्या प्रोग्रॅमच्या हाती सगळे अधिकार देण्याऐवजी त्यांनी छोटे छोटे प्रोग्रॅम केले, प्रत्येकाला कामापुरताच अधिकार. हे सुरक्षेसाठी होतं, पण शिकणाऱ्याचाही त्यात मोठा फायदा झाला: लॉगमध्ये प्रत्येक जण आपापल्या नावाने लिहितो. एसएमटीपीडी लिहिलं असेल तर बाहेरचा मेल आत येतोय. शेवटचा डी नसेल तर आपला मेल बाहेर चाललाय. या एका अक्षराकडे बघायची सवय लागली की निम्मा गोंधळ संपतो. मग उत्तराचा पहिला आकडा बघायचा. 4 म्हणजे आत्ता नाही, नंतर ये. पोस्टफिक्स मूळ सेटिंगनुसार पाच दिवस पुन्हा पुन्हा जाऊन बघतं. 5 म्हणजे कायमचा नकार, मेल बाउन्स. 4 दिसल्याबरोबर घाबरून सेटिंग बदलणाऱ्या मुलाचा हात मी धरते. समोरच्याला वेळ दे, म्हणते.

हात धरते, कारण माझा कुणी धरला नव्हता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कार्यालयाचा सर्व्हर माझ्याकडे होता. बाहेरगावच्या शाखेतून मेल पाठवताना "रिले ॲक्सेस डिनाइड" यायचं. ती अडचण मी मायनेटवर्क्समध्ये, म्हणजे सर्व्हरने ज्यांच्यावर भरवसा ठेवायचा त्या पत्त्यांच्या यादीत, सगळ्या जगाचा पत्ता, चार शून्यं आणि तिरक्या रेघेनंतर पाचवं, घालून सोडवली. मेल जायला लागले, मी घरी गेले. सकाळी क्यूत हजारो अनोळखी मेल होते आणि आमचा आयपी काळ्या यादीत. हिशेब विभागातल्या काकांचे मेल आठवडाभर परत येत राहिले. ते रोज माझ्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात विचारायचे, "आज जाईल का हो?" तो नकार सर्व्हरची चूक नव्हती, तो आपलं काम करत होता. शाखेतल्या लोकांना पासवर्ड देऊन 587 नंबरच्या पोर्टवरून पाठवायला सांगणं, एवढंच करायचं होतं. काकांचा तो प्रश्न मी मुलांना सांगते, कारण क्यूतल्या प्रत्येक ओळीमागे असं कुणीतरी थांबलेलं असतं.

हल्ली स्वतःचा मेल सर्व्हर चालवणं जड झालंय, हे मी लपवत नाही. कित्येक क्लाउडवाले 25 नंबरचं पोर्ट बंद ठेवतात. रिव्हर्स डीएनएस नीट नसेल तर मोठ्या सेवा दारातही उभं करत नाहीत. तरी आपला पत्रव्यवहार आपल्या हातात असावा, निदान तो कसा चालतो हे जाणणारी माणसं गावोगावी असावीत, असं मला मनापासून वाटतं.

सर्व्हर उभा राहिला की शेवटी एक काम सक्तीचं: पोस्टमास्टर या नावाचा मेल स्वतःच्या पेटीत वळवायचा. प्रत्येक डोमेनने हा पत्ता चालू ठेवायचा नियम आहे, आणि पुष्कळ लोक तो पाळत नाहीत. सांगलीच्या मुलाला दिवाळीनंतर त्या पत्त्यावर पहिला मेल आला. कुठल्याशा दुसऱ्या सर्व्हरच्या माणसाने विचारलं होतं, तुमच्याकडून येणाऱ्या मेलची डीकेआयएमची सही जुळत नाहीये, बघता का? त्याने लॉग काढला, डीएनएसमधली किल्ली अर्धवट चिकटवलेली सापडली, ती दुरुस्त केली आणि आभाराचं उत्तर लिहायला घेतलं.

"ताई, खाली नाव कुणाचं घालू?"

"तुझंच. आणि खाली लिही, पोस्टमास्टर."