जामीन

रेवदंड्याला शाळेच्या आवारात अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात हा माणूस त्वेर शहरातून निघाला, इराण ओलांडून होर्मुझला आला आणि तिथून जहाजाने आमच्या चौलच्या बंदरात उतरला. विकण्यासाठी एक घोडा त्याने बरोबर आणला होता. पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत मिळेल, असं बजावलं. खुरासानातून आलेला महंमद नावाचा एक वजनदार गृहस्थ मध्ये पडला, त्याने खानाकडे शब्द टाकला, तेव्हा निकितीनचा घोडाही सुटला आणि धर्मही राहिला. ही हकिकत मला ज्यांनी सांगितली त्यांच्याविषयी लिहायचं फार दिवस मनात होतं. आळीतली सगळी मुलं त्यांना काका म्हणत. आपलं नाव छापून आलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून मीही तेवढंच म्हणते.

काका कस्टममध्ये हवालदार होते. आमच्या किनाऱ्यावर कस्टम म्हणजे दूरचं सरकारी खातं नव्हे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात त्यांची माणसं शेजारीपाजारीच राहत. १९९३ साली जानेवारी-फेब्रुवारीत दिघीला आणि शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं, आणि १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले. खटल्यात काही कस्टम अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाली. काकांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण ही गोष्ट त्यांना कायमची लागून राहिली. पुढे आमच्या रस्त्यांवर रात्री-अपरात्री गाड्या अडवल्या जायच्या, लोक चिडायचे. काका म्हणायचे, "अडवणाऱ्याचा राग नको करू गो. त्या वेळी कुणीतरी नीट अडवलं असतं तर?"

मी तेव्हा नुकती गाडी चालवायला शिकले होते. सीमा म्हणजे नकाशावरची रेघ आणि तिच्यावर बंदूक घेऊन उभा असलेला जवान, एवढीच माझी समजूत. काकांनी मला आधी आमचीच खाडी दाखवली. कुंडलिकेच्या पलीकडे साळाव. १९४८ पर्यंत तिथून दक्षिणेला पार बाणकोटच्या खाडीपर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीचं संस्थान होतं. माझी आजी साळावकडच्या नातेवाइकांना "हबसाणातले" म्हणायची, ते का, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्याही आधी, १७४० पर्यंत, रेवदंडा पोर्तुगीजांचा होता. आज आपण साळावच्या पुलावरून दोन मिनिटांत पलीकडे जातो तिथे एके काळी दुसरं राज्य लागत होतं. काका पुलाच्या कठड्याशी उभे राहून हे सांगत होते. सीमा माणसं ठरवतात आणि माणसंच ती मोडतात, पण जोवर ती आहे तोवर तिथे थांबायला शिकलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

थांबायचं कसं, हेही त्यांनीच शिकवलं. नाका दिसला की वेग कमी करायचा, रात्र असेल तर आतला दिवा लावायचा, काच खाली घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि बोलावलं तर खाली उतरून उत्तर द्यायचं. गाडीचे कागद त्यांनी माझ्याकडून धडा वाचून घ्यावा तसे वाचून घेतले. आरसी बुकावरचा चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर एकेक अक्षर जुळवायचा. बँकेचं कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहिलेला असतो, तो पेणच्या आरटीओत जाऊन उतरवून घ्यायचा. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि त्याची छाप कागदांबरोबर ठेवायची. गाडीवरचा देवनागरी नंबरही त्यांनीच बदलायला लावला. आंतरराष्ट्रीय करारानुसार रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच चालतात. जगातल्या कुठल्याही सीमेवरचा अधिकारी शेवटी तीनच गोष्टी विचारतो, असं ते म्हणत: गाडी कुणाची, कागदावरची आणि समोरची एकच का, आणि ही परत जाणार का. मला यातलं काहीएक माहीत नव्हतं. ज्या माणसाने कधी देशाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं त्याने मला जग फिरण्याची बाराखडी दिली.

पहिली सीमा नेपाळची, उत्तर प्रदेशातली सुनौली. १९५० च्या मैत्री करारामुळे भारतीय माणसाला नेपाळमध्ये जायला व्हिसा लागत नाही. सायकली, रिक्षा, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका, सगळा लोंढा कमानीखालून वाहत असतो. त्या लोंढ्यात गाडीही सहज पुढे सरकते आणि बहुतेक वेळा कुणी हटकत नाही. इथेच नवखा माणूस अडचणीत येतो, कारण मोकळीक माणसाला आहे, गाडीला नाही. गाडीसाठी भन्सार, म्हणजे नेपाळच्या कस्टमच्या, कार्यालयात थांबून दिवसांच्या हिशेबाने पैसे भरावे लागतात, शिवाय रस्त्याचा वेगळा परवाना. खाजगी भारतीय गाडीला वर्षात तीसच दिवस मिळतात. भन्सारची पावती नसलेली गाडी पुढे कुठेही चोरटी ठरू शकते. काकांचं बोलणं कानात नसतं तर मीही त्या लोंढ्याबरोबर गेले असते. मी कडेला गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि कार्यालय शोधत गेले. तिथल्या बाईंनी घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायला सांगितलं आणि परतीची तारीख दोनदा वाचून दाखवली. चुकूनही एक दिवस जास्त राहू नका, असं त्या आपुलकीने म्हणाल्या. त्यांचीही मी ऋणीच आहे.

त्यानंतर पूर्वेकडे जाण्याचं मनात आलं. २०१६ मध्ये भारुलता कांबळे ब्रिटनहून एकट्या गाडी चालवत म्यानमारमार्गे मणिपुरात उतरल्या, ती बातमी मी कापून ठेवली होती. पण इतक्या लांब जायचं तर कार्ने लागतं, हे मला मुंबईत कळलं. चर्चगेटजवळ वीर नरिमान रस्त्यावर वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आहे, १९१९ पासूनची संस्था. मोटारींसाठीची ही कार्ने पुस्तकं भारतात ज्या मोजक्या संस्था देतात त्यांतली ती एक. १९५४ च्या न्यूयॉर्क कराराने खाजगी मोटारी तात्पुरत्या दुसऱ्या देशात नेण्याची जी सोय केली, ती या पुस्तकावर चालते. त्याचं प्रत्येक पान तीन भागांचं: गाडी देशात शिरताना एक भाग फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरी स्थळप्रत दोन्ही शिक्क्यांसह पुस्तकात राहते. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर गाडी तिथेच विकली असं धरलं जातं, आणि आयातशुल्क मागितलं जातं ते पुस्तक देणाऱ्या संस्थेकडे. म्हणजे अनोळखी देशाला आपल्या वतीने हमी देणारी एक संस्था मागे उभी असते. तिला हमी हवी म्हणून आपल्याला बँकेची हमी द्यावी लागते, आणि बँकेला हमी हवी म्हणून पुन्हा कुणीतरी पुढे यावं लागतं.

माझ्यासाठी पुढे आली माझी थोरली बहीण. तिने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव बँकेकडे तारण दिली. मी गप्प झाले, तेव्हा काकांनीच तिला समजावून सांगितलं की एक शिक्का चुकला तर काय होईल, आणि मग तिला विचारलं, अजूनही देतेस का. ती हो म्हणाली. निकितीनची गोष्ट काकांनी मला त्या दिवशी स्मारकापाशी उभं करून पुन्हा सांगितली. इतक्या वर्षांत मला त्यातला घोडा आणि खान तेवढे लक्षात राहिले होते, महंमद नाही. परक्या मुलखात शब्द टाकणारं कुणी असेल तरच माणूस पुढे सरकतो, एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

मणिपूर आणि म्यानमारमधली मोरेह-तामूची सीमा ऑगस्ट २०१८ मध्ये पासपोर्ट-व्हिसावर जाणाऱ्यांसाठी रीतसर उघडली. पुढच्या हिवाळ्यात मी आणि माझे यजमान मोरेहला पोचलो. तिथे सकाळी इडली मिळाली, याचं नवल वाटलं. मोरेहमध्ये तमिळ वस्ती आहे. १९६० च्या दशकात बर्मा, म्हणजे आताचा म्यानमार, सोडावा लागलेली ही कुटुंबं. त्यांच्यातले काही तमिळनाडूहून पुन्हा आपल्या घरी, बर्मात जायला निघाले, आणि सीमेवरून परतवले गेल्यावर मोरेहलाच राहिले. खाणावळीच्या म्हाताऱ्या मालकांनी आमची गाडी पाहिली, कागद तयार आहेत का विचारलं आणि पलीकडे बोट दाखवून म्हणाले की माझं जन्मगाव त्या बाजूला आहे. अंगणं कापत जाणाऱ्या अशा रेघा किती घरांनी सोसल्या आहेत, ते तिथे समजलं. माझ्याजवळ व्हिसा होता, परवानगी होती, बहिणीची ठेव होती. त्यांच्या वडिलांसाठी कुणी शब्द टाकला नव्हता. त्या सकाळपासून सीमा ओलांडल्याचा आनंद मला कधी निव्वळ माझा वाटला नाही.

म्यानमारात परक्या गाडीला सरकारमान्य वाटाड्या घ्यावाच लागे. १९७० पासून तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, पण बऱ्याच गाड्या जपानहून आलेल्या, आपल्यासारख्याच उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या. पुढच्या ट्रकला ओलांडताना चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही, डाव्या बाजूला बसलेल्याने सांगायचं. त्या संपूर्ण देशात मी माझ्या यजमानांच्या डोळ्यांनी गाडी चालवली. तामूच्या अधिकाऱ्याने चासी नंबर पाहायला बॉनेट उघडायला लावलं. मी काकांच्या पद्धतीने काढलेली पेन्सिलची छाप पुढे केली. त्याने ती नंबराला लावून पाहिली आणि आपल्या कागदांना टाचून टाकली. म्यावाडी आणि थायलंडमधलं माए सॉत यांच्यामधल्या मैत्री पुलापाशी पुन्हा डावी बाजू सुरू झाली. थायलंडने २०१६ पासून परक्या गाड्यांना आगाऊ परवानगी सक्तीची केली आहे, ती महिनाभर आधीपासून मागितलेली होती. थायलंडमधले दिवस सुखाचे गेले, त्यांत सांगण्यासारखं विशेष नाही.

तिथून मलेशियात गेलो आणि गाडी कंटेनरमध्ये घालून न्हावा शेव्याला पाठवली. १९८९ साली सुरू झालेलं हे बंदर उरण तालुक्यातलं, म्हणजे आमच्याच रायगडातलं. सगळ्यांत लांबची तपासणी तिथेच झाली. काकांना बरं नव्हतं, तरी ते बरोबर आले. आपण कोण हे त्यांनी तिथे कुणालाच सांगितलं नाही. रांगेत बसून राहिले, आणि तरुण अधिकाऱ्याने कार्नेवर परत आल्याचा शिक्का मारला तेव्हा त्याला नमस्कार करून म्हणाले, "नीट बघितलंत, बरं वाटलं." शिक्का मारलेलं पुस्तक संस्थेकडे परत गेलं, बँकेची हमी सुटली, बहिणीची ठेव मोकळी झाली. पुढे भाचीचं लग्न त्याच पैशांत झालं.

काका २०२० च्या पावसाळ्यात गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये महामारीमुळे मोरेहचं दार बंद झालं. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारात लष्कराने सत्ता घेतली, मे २०२३ पासून मणिपूर पेटलं. एप्रिल २०२५ मध्ये अटारीचा रस्ताही बंद करण्यात आला. आमच्या गावातली मुलं आता मोटारसायकलवरून जग फिरायचं म्हणून माझ्याकडे येतात. मी त्यांना आधी चासी नंबर वाचायला बसवते, आणि तुमच्यासाठी घरातलं कोण हमी राहणार, ते विचारते. मला जे मिळालं त्यातलं मला देता येण्यासारखं एवढंच आहे.

पण वाचकांकडे एक मागणं आहे. काशीद, मुरूड, दिवेआगरकडे हिवाळ्यात कधीकधी परक्या पाटीची एखादी गाडी दिसते. आत संसार मांडून निघालेलं जोडपं असतं, कधी लहान मूलही. कार्नेवर आलेल्या गाडीला आपल्याकडे सहा महिने राहता येतं, आणि तेवढ्यात त्यांना गॅरेज लागतं, गोडं पाणी लागतं, रात्री गाडी लावायला सुरक्षित आवार लागतं. त्यांना आपलं आवार द्या. फोटो काढण्याआधी विचारा. पोलीसपाटलांना त्यांच्याविषयी आपणहून सांगा, म्हणजे मध्यरात्री कुणी दार ठोठावणार नाही. आमच्या घरामागच्या वाडीत विहिरीला पाणी आहे आणि फाटक रुंद आहे. रेवदंड्याला कुणी अडलं तर त्यांना आमच्याकडे पाठवा.