गोफणीच्या टप्प्यात

माळावरची दैनंदिनी : भाग दुसरा

शुक्रवार

अहिल्यानगरहून निघालेली गाडी नारायणडोह मागे टाकते, तोवर डब्यातली निम्मी माणसं मोबाइलमध्ये बुडालेली असतात. पुण्याहून आलेली भाची मात्र खिडकीच्या गजांमधून कॅमेऱ्याचं नळकांडं बाहेर काढून बसलेली. समोरच्या बाकावरच्या आजींना हे मुळीच पसंत नाही. "झाडबिड लागंल की गं त्याला," त्या म्हणतात. आजींचं बरोबर आहे. नळकांडं आत येतं.

नगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ साली मंजूर झाला. आष्टीपर्यंत प्रवासी गाडी धावायला २३ सप्टेंबर २०२२ उजाडलं आणि बीडपर्यंत जायला १७ सप्टेंबर २०२५. माणसांच्या एका पिढीचा जन्म वाट पाहण्यात गेला. पाखरांना मात्र गाडीची सवय व्हायला फार वेळ लागलेला दिसत नाही. रुळाकडेच्या खांबावर कापशी घार बसलेली आहे. गाडी तिच्या अगदी जवळून धडधडत जाते, ती मानसुद्धा वळवत नाही. पुढे एक कोतवाल, त्याच्यापुढे नीलकंठ, दोघेही तसेच ढिम्म. याच खांबाकडे एखादा माणूस पायी चालत गेला असता, तर यातलं एकही पाखरू थांबलं नसतं. गाडी, ट्रॅक्टर, बैल, शेळ्या यांना पाखरं मोजत नाहीत. त्यांच्या हिशेबात धोका एकच, दोन पायांवर सरळ आपल्या रोखाने येणारा.

भाचीचा कॅमेरा हौशी माणसाचा आहे. निकॉनचा पी ९००, २०१५ साली बाजारात आलेला, ८३ पट झूमचा. लांबचं ओढून आणण्याची त्याची ताकद २००० मिलिमीटरच्या भिंगाइतकी. तेवढी ताकद व्यावसायिक भिंगांत हवी असेल तर लाखांत हिशेब करावा लागतो. कॅमेऱ्यातला सेन्सर मात्र नखाएवढा. उजेड असेल तोवर त्याचं सगळं छान चालतं, दिवस कलला की चित्र रवाळ होतं.

कडा स्टेशनवर मामा मोटारसायकल घेऊन उभे असतात. "आलीस का? एवढंच सामान?" आणि मग कॅमेऱ्याच्या पिशवीकडे बघत, "हे लई जड दिसतंय."

संध्याकाळी कडी नदी. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत हीच नदी पात्र सोडून गावात शिरू पाहत होती. संक्रांत उलटली तरी डोहांत अजून पाणी आहे. काठावर पांढरे आणि पिवळे धोबी शेपट्या हलवत फिरतात. टिटवी आरडाओरडा करून सगळ्यांना सावध करते. दगडावर वंचक बसलेला, मातकट रंगाचा. तो उडाला आणि पांढरे पंख उघडले, तेव्हाच तो तिथे होता हे कळलं. फोटोत आला तो फक्त दगड.

शनिवार

पेरण्या पावसाने लांबल्या, त्यामुळे यंदा ज्वारीला हुरडा उशिरा आला. पहाटेच्या गारठ्यात मामा माळ्यावर चढलेले, हातात गोफण. चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेला हा माळा म्हणजे फोटोग्राफरला आयती मिळालेली जागा. वरून सगळं रान दिसतं, आणि रोजचंच असल्यामुळे पाखरं माळ्याकडे लक्ष देत नाहीत. लक्ष देतात ती फक्त गोफणीकडे.

उन्हं शेंड्यांवर आली आणि भोरड्या आल्या.

भोरडी म्हणजे पळस मैना: गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. उन्हाळ्यात ती मध्य आशियापासून पूर्व युरोपापर्यंतच्या गवताळ प्रदेशांत वीण करते आणि पावसाळा सरता सरता भारताकडे वळते. तिकडे टोळ फस्त करणारी म्हणून तिचं कौतुक होतं. इकडे कणसांवर उतरली की तिचं कौतुक कोण करणार? थवा हवेत एका अंगावर वळतो, दाट होतो, विरळ होतो आणि एकदम ज्वारीत कोसळतो. शेकडो चोची एकाच वेळी कामाला लागल्याचा आवाज माळ्यावर ऐकू येतो.

इथे मामा-भाचीचे हितसंबंध आडवे येतात. तिला थवा बसायला हवा, त्यांना उठायला.

"मामा, थोडं थांबा ना."

"तू थांब म्हणती, पर कणीस थांबतंय का?"

शेवटी तडजोड होते. थवा बसला की तिने फोटो घ्यायचे, मग ती "हं" म्हणेल आणि मामा गोफण फिरवतील. गोफणीचा फटकारा कडाडतो, थवा उठतो, आणि सकाळचं सगळ्यात चांगलं चित्र त्याच क्षणी मिळतं: खाली पिवळट कणसं, वर उधळलेली गुलाबी-काळी पाखरं, आणि कोपऱ्यात मामांचा उगारलेला हात. शटर सेकंदाच्या एक हजारांशाच्या पुढे ठेवलं, म्हणून पंख पुसट झाले नाहीत. माणूस चौकटीत आला म्हणून वन्यजीव-चित्रांच्या बऱ्याच स्पर्धा हा फोटो बाद करतील. करोत बापडे. ज्वारीतल्या भोरडीचा खरा फोटो गोफणीशिवाय पुरा होत नाही.

मामा भोरडीला नुसत्या शिव्या देत नाहीत, हेही नोंदवायला हवं. "अळीबी खाती ती. पण अळी किती अन् दाणं किती, ह्याचा मेळ कोण घालणार?" असं म्हणत ते पुढचा खडा गोफणीत घालतात.

आगटी पेटते. हुरडा, गूळ, शेंगदाण्याची चटणी. खाताना समोरच्या तारेवर नीलकंठ येऊन बसतो, उडतो, जमिनीवरून काहीतरी उचलतो, परत तारेवर. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तोच हा. इतका ओळखीचा, की त्याचा फोटो काढायचं कुणाला सुचत नाही. पण देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३चा अहवाल वेगळंच सांगतो. सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा त्यात घेतला आहे, आणि नीलकंठाची संख्या जवळपास बारा वर्षांत ३० टक्क्यांहून अधिक घटल्याचं म्हटलं आहे. या नोंदी करणारे बहुतेक हौशी लोक, ई-बर्डवर सकाळची यादी टाकणारे. अशा याद्या शहरांभोवती आणि गाजलेल्या तलावांभोवती दाटीने येतात. आष्टी तालुक्यातल्या एका तारेवरचा नीलकंठ, तारीख-वेळेसह, म्हणूनच किरकोळ नाही. भाची हुरड्याच्या हातानेच फोनवर नोंद करते.

साडेनऊनंतर कॅमेरा बंद. माळरान तापलं की जमिनीलगतची हवा थरथरते आणि लांबून घेतलेलं प्रत्येक चित्र पाण्याखालून काढल्यासारखं दिसतं. झूम जितकं जास्त तितका हा त्रास जास्त. ८३ पटीचा अभिमान इथे गळून पडतो.

दुपारी पारावर एकच प्रश्न: "बिबट्या घावला का?" प्रश्नात चेष्टा आहे, पण तेवढीच नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये याच तालुक्यात, सुर्डी-किन्ही-पारगावच्या भागात, बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातही बळी गेले आणि १८ डिसेंबर २०२० रोजी तिथेच त्याला गोळी घालण्यात आली. त्या दिवसांत रात्रीची लाईट आली तरी पिकाला पाणी द्यायला कुणी एकटं जात नव्हतं. अशा गावात अंधार पडल्यावर कॅमेरा घेऊन रानात हिंडणं म्हणजे शौर्य नव्हे, लोकांच्या जिवाला घोर. भाची दिवेलागणीला घरात असते.

रविवार

मिरजगाववरून कर्जतकडे, रेहेकुरीला. मामांनी गावातल्या एकाची जीप ठरवलेली.

रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० सालचं, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा जागेत काळवीट बघायला मिळतात ती मोकळ्या गवतामुळे. नर वयाबरोबर काळा होत जातो, वरून गडद आणि पोटाखाली पांढराशुभ्र. पीळदार शिंगं त्याचीच. माद्या बदामी, बहुधा बिनशिंगी. हद्द राखणारा नर ठरावीक जागीच लेंड्या टाकतो. त्या ढिगांवरून कोणाचं राज्य कुठवर, हे कळतं. भाचीने ढिगाचाही फोटो घेतला. मामांनी तोंड फिरवलं.

पायवाटेने चालत गेलं, की कळप माना वर करून बघतो आणि एक मादी उसळी मारते. मग सगळेच उसळ्या मारत निघतात. सुंदर दृश्य, पण पाठमोरं. फोटोग्राफीच्या पुस्तकांत लिहितात की जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवर या. इथे बसून राहण्याचा उपाय लागू पडला. बाभळीच्या आडोशाला टेकून, न हलता, न बोलता. कळप थांबला, चरू लागला आणि हळूहळू स्वतःच अलीकडे सरकला. अंतर कमी करायचं काम जनावरावर सोडलं, तर ते बऱ्याचदा करतं. फक्त घड्याळ विसरावं लागतं, आणि मामांना बिडीची तलफ आवरावी लागते. त्यांना ते फार जमलं नाही.

हा सगळा टापू कधीकाळी माळढोकाचा. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून त्याचं अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. पुढे ते सुमारे १,२२२वर आणलं गेलं. गावंच्या गावं अभयारण्यात घातल्यावर लोकांना घर बांधायचीही अडचण होत होती, म्हणून क्षेत्र कमी करणं टळलं नाही. पण पक्षीही हातचा गेला. आज इथे माळढोक शोधायला येणारा रिकाम्या हाताने परततो.

परतताना गाडीला एक सोबत मिळते. भोवत्या, म्हणजे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी शिकारी पाखरं. पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून, गवताला जवळजवळ घासत एक जण रस्त्याला समांतर उडत राहतो. जीपवाला वेग कमी करतो, भाची काचेवर गमछ्याची घडी ठेवून त्यावर भिंग टेकवते. गाडीतून उतरायचं नाही, इंजिन बंद, बोलणं बंद. पाखरू कसलीही पर्वा न करता शिकार करत राहतं. शुक्रवारच्या खांबावरच्या घारीसारखंच त्याच्या लेखी जीपही मेंढीच.

सोमवार

नायगाव, पाटोदा तालुका. बालाघाटच्या डोंगरांतलं सुमारे ३० चौरस किलोमीटरचं मयूर अभयारण्य, १९९४ सालचं. मोर दिसले, पण जानेवारीत. पावसाळा सरताना पिसारा गळतो आणि नवा भरायला बरेच महिने लागतात. झुडपांतून पळालेला मोर अर्धवट शेपटीचा होता. नाचाचा फोटो हवा तर आषाढ-श्रावणात यायचं. बाकी दिवसभर ऊन, धूळ आणि चहा.

मंगळवार

पुण्याची गाडी दुपारची. सकाळी वाड्याच्या मागच्या चिंचेच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी बसलेली, दिवसाढवळ्या. खाली पोरं क्रिकेट खेळत होती, चेंडू खोडावर आपटत होता. भाची सात-आठ पावलांवर गेली, फोनने फोटो काढला. पिंगळ्यांनी फक्त माना वर-खाली केल्या.

तेवढ्यात मामांचा फोन आला. "कॅमेरा घेऊन ये मळ्यात. लगोलग."

रात्रीत रानडुकरांनी हरभरा उकरला होता. वाफेच्या वाफे उलथलेले, ओल्या मातीत खुरांचे ठसे. एकही जनावर समोर नसताना भाचीने तासभर फोटो काढले: ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून, बांधावरून सबंध तुकडा दिसेल असे, जवळून उपटलेली झाडं. रानडुक्कर, काळवीट, नीलगाय यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई राज्याचा वन विभाग देतो. अर्ज तीन दिवसांच्या आत करावा लागतो आणि मग पंचनामा होतो. पंचनाम्याचे लोक येईपर्यंत ऊन लागून माती सुकते, ठसे बुजतात.

"ही तारीख फोटोवर उमटती का?" मामांनी विचारलं.

"फोटोवर नाही, पण फाइलमध्ये असते. वेळेसकट."

"मग आज काढलं ते बरं झालं," मामा म्हणाले. मग दोघं मोटारसायकलवर बसून फोटोंच्या प्रती काढायला कड्याच्या बाजारपेठेत गेली. दुकानदाराने पेनड्राइव्ह लावला, तर पडद्यावर आधी गोफण उगारलेले मामा आले. "ह्याची मोठी प्रत काढा," मामांनी सांगितलं, "अन् डुकरांच्या पायांच्या दोन-दोन."

(क्रमशः)