यादीतलं शेवटचं नाव

परवा रविवारी भाची आली होती. बारावीला आहे, पुढं वकील व्हायचंय. हातात वही आणि वहीत कॉलेजांची यादी. सहा नावं, आणि सहाच्या सहा राष्ट्रीय विधी विद्यापीठं! सगळ्यात वर बंगळूर.

"यातलं एकही नाही मिळालं तर?" मी विचारलं.

"मिळेल की, मामा."

हे 'मिळेल की' माझ्या ओळखीचं. बारावीनंतर मीही एकाच कॉलेजवर अडून बसलो होतो. ते हुकलं, तोवर बाकीकडच्या तारखा निघून गेलेल्या. वर्ष गेलं. घरात कुणी बोललं नाही, पण बाबा जेवताना माझ्याकडं बघायचे नाहीत. असो.

मग चहा घेऊन दोघं बसलो. बंगळूर राहू दे म्हटलं. स्वप्नाला फी लागत नाही (प्रवेशाला लागते, तीही लाखांत!). मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची विद्यापीठंही ठेवली. तिथं महाराष्ट्रातल्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात. पण गोम वेगळीच होती. या सहाही ठिकाणी प्रवेश 'क्लॅट' या एकाच परीक्षेवर. दोन तासांची, फक्त इंग्रजीतून. म्हणजे नावं सहा, पण खुंटी एकच. त्या दिवशी ताप आला तर?

दुसरी खुंटी म्हणजे राज्याची लॉ सीईटी. ती मराठीतूनही देता येते. तिच्यावर मुंबईचं १८५५ सालचं शासकीय विधी महाविद्यालय आहे, पुण्याचं १९२४ सालचं आयएलएस आहे. दोन्ही नावं तिनं लगेच लिहून घेतली. मग मी म्हटलं, "आणि शेवटी आपलं शहाजी लॉ कॉलेज."

पेन थांबलं. "आईनं सांगितलंय ना तुला हे?"

खरंच सांगितलं होतं. पोरगी डोळ्यांसमोर राहावी, असं ताईला वाटतं. मी ते कबूल केलं. पण माझं कारण वेगळं होतं.

संध्याकाळी तिला स्कूटरवरून भाऊसिंगजी रोडला नेलं. सीपीआरसमोरची जुनी कोर्टाची इमारत. १८ ऑगस्ट २०२५ पासून इथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांसाठी. यासाठी इथल्या वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली. एकेका तारखेसाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठणारे पक्षकार आपण सगळ्यांनीच पाहिलेत. १९३३ पासून वकील घडवणारं कॉलेज आणि हायकोर्ट आता एकाच गावात आहेत. शिकता शिकता हायकोर्टातली सुनावणी बघायला इथल्या पोरांना आता मुंबईला जावं लागत नाही.

रविवार असल्यानं सगळं बंद होतं. बाहेरूनच बराच वेळ बघत उभी राहिली.

यादीतलं पहिलं नाव लिहायला अक्कल लागत नाही. शेवटचं मात्र असं असावं, की तेच मिळालं तरी पहिल्या दिवशी ताठ मानेनं वर्गात जाता यावं. नुसतं जागा भरायला लिहिलेलं नाव उपयोगाचं नाही.

परतताना मागून विचारते, "मामा, तू त्या वर्षी दुसरं नाव लिहिलं असतंस तर कुठलं?"

मला सांगता आलं नाही. मी कधी तेवढा विचारच केला नव्हता.

घरी येऊन तिनं शहाजीचं नाव लिहिलं. सातव्या नंबरला नाही, आयएलएसच्या लगेच खाली. बंगळूर अजून वर आहेच!