खंडनाची दोन मिनिटं

कॉलेजात असताना मी खंडन घरूनच लिहून न्यायचो. विषय आधी कळलेला असायचा. समोरचे काय बोलतील याचे आडाखे बांधायचे आणि एकेकाला टोला तयार ठेवायचा. एकदा विषय होता सक्तीचं मतदान, मी प्रतिकूल बाजूने. ‘कर्तव्य आलं की स्वातंत्र्याची तक्रार कसली’ असं कोणी म्हणणारच, म्हणून स्वातंत्र्यावर चार झकास वाक्यं पाठ केली होती.

समोरच्या मुलीने कर्तव्याचं नावही काढलं नाही. तिने ऑस्ट्रेलिया काढला. १९२२ साली ६० टक्क्यांहून कमी मतदान, १९२४ मध्ये सक्तीचा कायदा, १९२५ मध्ये ९० टक्क्यांच्या वर. मी उठलो आणि माझी चार वाक्यं म्हणून दाखवली. टाळ्या पडल्या. निकालाआधी परीक्षकांनी एवढंच विचारलं, “आणि ऑस्ट्रेलियाचं काय झालं?”

गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात हरण्याच्या २२ जागा सांगितल्या आहेत, निग्रहस्थानं. त्यातलं एक अननुभाषण. प्रतिपक्षाने तीनदा सांगितलेलं, सभेला कळलेलं म्हणणं ज्याला पुन्हा मांडता येत नाही, तो तिथेच हरला. मला तर तिने एकदा सांगितलेलंही मांडता आलं नव्हतं.

तिचे आकडे खरे होते, ते मान्य करण्यात माझं काही जात नव्हतं. माणसं केंद्रावर आली, कबूल. पण तेवढ्याने लोकशाही सुधारली, ही उडी तिने पुराव्याविना मारली होती. बोट तिथे ठेवायला हवं होतं. ऑस्ट्रेलियात मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीक्रम द्यावा लागतो. काही महाभाग वरून खाली एक, दोन, तीन लिहून मोकळे होतात. त्याला तिकडे ‘डाँकी व्होट’ म्हणतात. त्याचा फायदा दरवेळी ठरावीक उमेदवारालाच मिळू नये म्हणून आता उमेदवारांचा क्रम सोडतीने लावतात. तिचंच उदाहरण माझ्या कामी आलं असतं. हे मला कळलं घरी जाताना, एसटीत.

आता मी परीक्षकाच्या खुर्चीत बसतो. ‘माझे प्रतिस्पर्धी मित्र म्हणतात’ अशी सुरुवात करून मित्राने न म्हटलेलंच झोडपणारी मुलं प्रत्येक स्पर्धेत भेटतात. (शेर टाकणारी वेगळी. त्यांना वेळ काढायचा असतो.) मी त्यांना कागद उभा दुमडायला सांगतो. डावीकडे समोरच्याचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत. उजवी बाजू तो खाली बसेपर्यंत कोरी. बहुतेकांची उलटी गत असते, उजवी गच्च आणि डावी रिकामी.

परवा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “त्यांचे पहिले तीन मुद्दे मला मान्य आहेत, भांडण चौथ्याशी आहे.” सभागृहात टाळी पडली नाही. मी त्याला खंडनाचे दहापैकी नऊ दिले. एक गुण कापला, कारण दुसरी घंटा झाल्यावरही तो बोलतच होता.