जोत्यावर पाय ठेवण्याआधी



कार्तिकी आटोपली की माघवारीपर्यंत वारकऱ्याचे पाय जरा मोकळे असतात. याच दिवसांत तुमच्या-आमच्या घरातली तरुण मुले पाठीला पिशव्या अडकवून सह्याद्रीत निघतात. पौषातल्या एखाद्या रविवारी साताऱ्याच्या एसटी स्थानकावर पहाटे जाऊन पाहा. कानटोप्या घातलेली, हातात काठी घेतलेली मुले-मुली घोळक्याने उभी असतात. पुष्कळजण वासोट्याला निघालेले असतात. घरातली वडील माणसे म्हणतात, ना देव ना धर्म, उगाच पाय मोडून घ्यायचे. मी तसे म्हणत नाही. ज्या संप्रदायाचे साधनच चालणे आहे, त्याने चालणाऱ्याला नावे ठेवू नयेत.

आणि डोंगराचे म्हणाल, तर आपल्या संप्रदायाची वाटच डोंगरातून आली आहे. तुकोबारायांचा एकांत भामचंद्र आणि भंडारा या डोंगरांवर झाला. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, कुटुंब पांगले, बाळ निवृत्ती एका गुहेत शिरला आणि तिथे त्याला गहिनीनाथ भेटले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कीर्तनात मी नेहमी म्हणत असे, मंडळी, आपल्यावर त्या वाघाचे उपकार आहेत. तो आडवा आला नसता तर?

म्हणून मुलांना अडवू नका. जमेल तर तुम्हीही जा. मात्र ज्या वाटेने जाल ती कोणाची आहे, हे जाणून जा. एवढ्याचसाठी आज लिहितो आहे.

ज्यांनी वासोटा पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी वाट सांगतो. साताऱ्याहून कासचे पठार ओलांडून बामणोलीला उतरायचे. वनखात्याची परवानगी काढायची, लाँच ठरवायची आणि शिवसागर जलाशयातून तासा-दीड तासाने पलीकडे मेट इंदवलीला उतरायचे. तिथल्या चौकीवर नोंद होते. पुढे ओढ्याकाठी मारुती आणि गणपती भेटतात, आणि मग दाट झाडीतली अंगावर येणारी चढण लागते. वर गेल्यावर वाट फुटते. एक गडावर जाते, दुसरी नागेश्वराच्या गुहेकडे. पावसाळ्यात हे सारे बंद असते. इतर वेळीही रात्रीचा मुक्काम नाही, दिवस मावळायच्या आत माघारी फिरायचे.

गडावर छप्पर नसलेला मारुती आहे, महादेवाचे देऊळ आहे, पाण्याची टाकी आहेत. बाबुकड्यावर उभे राहिले की खाली कोकण दिसते आणि पोटात गोळा येतो. पन्हाळ्याच्या शिलाहार भोजराजाने हा गड बांधला असे मानतात. शिवरायांनी त्याला व्याघ्रगड नाव दिले. पेशवाईच्या उतरत्या काळात ताई तेलिणीने हा गड बापू गोखल्यांविरुद्ध कित्येक महिने लढवला. तिचे नाव साताऱ्याकडे अजून आदराने घेतात. 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांपुढे गड पडला.

गडावर गेलेला प्रत्येकजण हे पाहतो, ऐकतो. मला सांगायचे आहे ते गडाच्या पायथ्याशी आणि पाण्याच्या तळाशी आहे.

लाँच ज्या पाण्यावरून जाते त्याच्या खाली गावे आहेत. देवळे, पार, विहिरी, भाताची खाचरे, सगळे खाली आहे. कोयनेचे धरण 1964 च्या सुमारास पुरे झाले. आज त्यात 105 टीएमसी पाणी मावते, आणि त्याच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, घराघरांत दिवे लागले. या पाण्यासाठी उठलेली माणसे कोणी साताऱ्यात राहिली, तर कोणी सांगलीला, सोलापूरला, रायगडला, ठाण्याला गेली. ज्यांच्या खोऱ्यात वीज झाली, त्यांच्यातल्या कित्येकांच्या नव्या वस्तीवर वर्षानुवर्षे कंदीलच होते.

सांगली जिल्ह्यात सपाट माळावर वसलेल्या अशा एका वसाहतीत मी बरीच वर्षे सप्ताहाला जात असे. गल्ल्या सरळ, घरे एका मापाची, झाडे कमी. वसाहतीला जुन्या गावाचेच नाव. तिथे एक वयस्क विणेकरी होते. बोलणे थोडे, पण उभे राहिले की चार चार तास वीणा खाली ठेवत नसत. एका वर्षी काल्याचे कीर्तन झाले, हंडी फुटली, लाह्यांचा प्रसाद वाटून झाला आणि ते माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "बुवा, देव गोकुळ सोडून मथुरेला गेला, पण गोकुळ तरी जागेवर राहिलं. आमचं उलटं झालं. आम्हीच गेलो, देव तिथंच राहिला."

मी म्हटले, तुमचे ग्रामदैवत तर तुम्ही इथे आणून स्थापन केले आहे. ते म्हणाले, "गावातले देव आणले. पण नागेश्वराला कसा उचलणार? तो डोंगराच्या पोटात बसलाय, वरून थेंब थेंब पाणी पडतंय त्याच्यावर." ते दरवर्षी महाशिवरात्रीला एसटीने, लाँचने आणि मग पायी तिथे जात असत. गुडघे धरले तरी जात. का, म्हणून विचारले तर म्हणाले, "माणूस हलला तर हलला. वाट मोडू नये."

मी आयुष्यभर वाट या शब्दावर निरूपण केले. पण वाट मोडणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. वाट कोणी एकदा बांधत नाही. रोजच्या पावलांनी ती उघडी राहते. दोन पावसाळे कोणी फिरकले नाही, तर कारवी तिला गिळून टाकते. आषाढीला त्याच खोऱ्यातून माणसे डोक्यावर पडशी घेऊन कऱ्हाडच्या बाजूने पंढरीला निघत. त्या वाटेचा पहिला तुकडा आता पाण्यात आहे आणि दुसरा जंगलात. जंगलातला तुकडा आज तुमच्या मुलांच्या बुटांनी उघडा राहिला आहे. त्यांना हे ठाऊक नसते, म्हणून घरातल्या वारकऱ्याने सांगायचे.

पाण्यानंतर माणसे दुसऱ्यांदा उठली ती रानासाठी. 1985 मध्ये कोयना अभयारण्य झाले, त्याच वर्षी दक्षिणेला चांदोलीचेही झाले. चांदोलीला 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. साताऱ्यापासून सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीपर्यंत सुमारे 1165 चौरस किलोमीटरचे हे रान आहे. 2012 मध्ये कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी जागतिक वारशात गेले. मेट इंदवली रिकामे झाले, चांदोलीच्या पोटातली गावेही बाहेर आली. बत्तीस शिराळ्याला गोरक्षनाथांच्या दर्शनाला जाणारे आपले लोक पुढे वारणेच्या धरणापर्यंत जातात. त्यांनी तिथे उभे राहून पश्चिमेच्या डोंगराकडे पाहावे. त्या झाडीत घरांची जोती आहेत.

मग हे वाईट झाले म्हणायचे का? माउली, इतके सोपे असते तर मी लेख लिहिला नसता. तिथे आज गवे आहेत, अस्वले आहेत, भेकर आणि शेकरू आहेत. पाऊस मुरतो तो त्या झाडांच्या मुळांशी. वारणा त्याच रानात पाथरपुंजला उगम पावते आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. कोयना कऱ्हाडला मिळते. आपली चंद्रभागा भीमा होऊन कर्नाटकात रायचूरकडे त्याच कृष्णेत जाते. म्हणजे रानातला थेंब आणि वाळवंटातला थेंब शेवटी एकाच पात्रात भेटतात. रान राखले पाहिजे, यात मला शंका नाही. पण राखणीची किंमत कोणी दिली तेही लक्षात ठेवले पाहिजे. त्यागावर आपण बोलतो फार. हा त्याग ज्यांनी केला त्यांना कोणी हार घातले नाहीत.

मध्यंतरी एक मंडळ माझ्याकडे आले. रानातल्या एका देवळात सात दिवसांचा सप्ताह करू, कर्णे लावू, मंडप घालू, परवानगीसाठी तुमचा शब्द टाका, म्हणाले. त्यांची श्रद्धा खरी होती. पन्नास वर्षे ज्याने टाळ-मृदंगाच्या गजरात उभे राहून पोट भरले, त्याने गजराला नको म्हणावे, हे त्यांना खटकले. मी म्हटले, जिथल्या माणसांनी रान शांत राहावे म्हणून स्वतःची घरे सोडली, तिथे आपण कर्णा लावला तर तो त्यांच्या त्यागावर लागेल. नामाला आवाज लागतोच असे नाही. वाळवंटात टाळ वाजवा, रानात टाळ पडशीत ठेवा आणि श्वासाबरोबर नाम घ्या. मंडळ नाराज होऊन गेले. मी आजही तेच म्हणेन.

माझ्यासारखे ज्यांचे गुडघे वासोट्याला नाही म्हणतात, त्यांनी सागरेश्वरला जावे. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, त्याच्या शेजारीच. लहानमोठ्या प्राचीन देवळांचा तिथे समूह आहे, कड्यात कोरलेला कमळभैरव आहे, श्रावणात दर्शनाला गर्दी लोटते. मागचा डोंगर एके काळी बोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, लोकांनी आणि वनखात्याने हात लावला, झाडे उभी राहिली, हरणे आणून सोडली, आणि 1985 मध्ये जेमतेम 11 चौरस किलोमीटरचे ते अभयारण्य झाले. आतल्या वाटा सोप्या आहेत. वरून कृष्णाकाठचा हिरवा ऊस दिसतो. कोयनेकडे माणूस निघून गेला आणि रान वाढले, इथे माणसाने हाताने रान वाढवले. दोन्ही पाहावे.

आता वाटेचे नेम सांगतो. आपल्या संप्रदायाला नेम आवडतात. परवानगीवाचून आत जाऊ नये. बामणोलीच्या लोकांकडेच जेवावे, त्यांच्यातलाच वाटाड्या घ्यावा, आणि त्याला त्याच्या आजोबांचे गाव विचारावे. पाण्याच्या बाटलीपासून गोळीच्या कागदापर्यंत जे नेले ते परत आणावे. गडाच्या दगडावर नाव कोरू नये. नाव मोठे करायचे तर विठोबाचे करावे, तेही मनात.

आणि शेवटचा नेम. मेट इंदवलीला उतरल्यावर झाडीत कुठे चौकोनी दगडांची ओळ दिसली, तर ते कोणाचे तरी घर आहे असे समजा. तिथे चूल होती, जाते होते, तिथून कोणी वारीला निघाले होते. रिंगणात अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो. इथून एक अख्खे गाव चालत गेले आहे. जोत्यावर बसून डबा सोडू नका. चप्पल काढा, दोन बोटे माती कपाळाला लावा आणि पुढे चालू लागा.