फरशी पुसणाऱ्याचं म्हणणं

मी स्टेशन पुसतो.

मुंबईत जमिनीखालून जी नवी मेट्रो धावते तिच्या एका स्टेशनावर मी रात्रपाळीला असतो. कोणतं स्टेशन ते लिहीत नाही. गळ्यातलं कार्ड मला अजून काही महिने हवंय, खोलीचं भाडं थकलंय. मी बी. ए. आहे, राज्यशास्त्र घेऊन. हे सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं. का सांगितलं ते पुढं येईलच.

लाईन तुम्हाला ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, मे २०२५ मध्ये दुसरा, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत गाडी पूर्ण धावायला लागली. ३३.५ किलोमीटर. २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीच्या पोटात. पहिल्या दिवशी सरकत्या जिन्यानं खाली उतरलो तेव्हा, खोटं कशाला बोलू, छाती दडपली. आमची खोली दहा बाय बाराची, सहा माणसं. आणि इथं आरशासारखी फरशी, रुळाच्या कडेनं काचेची भिंत, थंडगार हवा. वाटलं, एवढी मोठी जागा आणि ती कुणाच्या बापाची नाही. तिकीट काढलं की सगळ्यांची.

दुसऱ्या दिवशी त्याच फरशीवर गुडघे टेकून बसलो होतो. हातात पत्र्याची पट्टी. च्युइंगम खरवडत.

ज्यांना वाटतं स्टेशन आपोआप चकचकीत राहतं त्यांच्यासाठी थोडं लिहितो. शेवटची गाडी गेली की आमची रात्र सुरू होते. आधी कोरडा झाडू, मग ओला पोचा, मोठ्या भागाला मशीन. काचेवर हजारो हातांचे ठसे आणि डोकं टेकून झोपणाऱ्यांच्या केसांचं तेल. लिफ्टच्या स्टीलवर किल्लीनं कोरलेली नावं, त्यात बाण घुसवलेला बदाम. कोरलेलं पुसता येत नाही, ते तसंच राहतं. स्टिकर निघतो पण त्याचा डिंक राहतो, तो थिनरनं काढायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पिचकारी. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. माझ्या बादलीला अजून ते कुणी सांगितलेलं नाही. ओला डाग पाण्यानं जातो. रात्र उलटली की कात फरशीच्या सांध्यात मुरतो, मग घासून घासून खांदा मोडतो. तिखट अ‍ॅसिड मारावं तर पॉलिशच जातं. आणि एक गोष्ट मी रोज बघतो. ज्या कोपऱ्यात एक डाग रात्रभर राहिला, तिथं दुसऱ्या दिवशी चार होतात. स्वच्छ कोपऱ्यात थुंकताना माणूस इकडंतिकडं बघतो. घाण कोपऱ्यात बघतसुद्धा नाही.

एका रात्री एक गृहस्थ जिन्याच्या वळणावर थुंकले. बूट चकाचक, पाठीवर लॅपटॉपची पिशवी. मी म्हणालो, "साहेब, डबा बाजूलाच आहे." ते थांबले. रागावले नाहीत. अगदी समजुतीनं म्हणाले, "अरे, मग तुला ठेवलंय कशाला?"

मित्रांनो, या एका वाक्यात सगळं आलं. थुंकणाऱ्याला अक्कल नाही, शिक्षण नाही, दंडाची भीती नाही असं पेपरात लिहितात. साफ खोटं. त्या माणसाला शिक्षण होतं. त्याला हेही पक्कं ठाऊक होतं की आपण टाकलेलं उचलायला कुणीतरी जन्मलेलं आहे. त्याच्या आजोबाच्या अंगणात, वाड्यामागच्या संडासात, कुणीतरी पहाटे येऊन जात होतं. ते कुणीतरी दिसत नव्हतं. आता त्या कुणीतरीला गणवेश दिलाय आणि नाव दिलंय हाऊसकीपिंग. हात तेच आहेत. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं. इथं माणूस कामामुळं भंगी होत नाही, जन्मामुळं होतो, मग तो झाडू हातात धरो की न धरो. तेव्हा नुसत्या स्वच्छतेच्या पाट्या लावून काय होणार? आधी त्या साहेबाच्या डोक्यातला तो कुणीतरी मेला पाहिजे.

आबा, माझे वडील, कचऱ्याच्या गाडीवर मोटर लोडर होते. ड्युटीवरून आले की नळाखाली अर्धा तास. तरी वास जायचा नाही. जेवताना ते आमच्यापासून लांब बसायचे. आम्ही जवळ गेलो तर म्हणायचे, "थांब रे, अजून सुटला न्हाई." मला शाळेत घातलं तेव्हा त्यांनी माईला एकच सांगितलं होतं, या पोराच्या हातात झाडू दिसला तर मी तोंड दाखवणार न्हाई. ते गेले. बरं झालं म्हणवत नाही, पण त्यांना माझा गणवेश बघावा लागला नाही. बी. ए. आहे हे म्हणून सांगितलं. आमच्या पाळीतल्या माणसांची आडनावं ओळीनं वाचली तर तुम्हाला वाटेल एखाद्या विहाराची वर्गणीची यादी वाचतोय. भरती करताना जात कुणी विचारत नाही. विचारायची गरजच पडत नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. ती सांगायलाच लिहायला बसलोय.

नोव्हेंबर संपत आला होता. शेवटच्या गाडीआधी प्लॅटफॉर्म जवळजवळ मोकळा. खांबाआड एक पोरगा पाठमोरा उभा. सोळा-सतरा वर्षांचा. जवळ गेलो तर हातात निळा मार्कर आणि खांबावर ताजी अक्षरं. जय भीम. मोठी, वळणदार. अक्षर छान होतं साल्याचं.

तो वळला. आमच्याच वस्तीतला. मला ओळखून हसला. "दादा, तू हायस व्हय! मी घाबरलो ना. जय भीम."

मी म्हणालो, "जय भीम." आणि पुढं काय बोलावं ते सुचेना.

वर कॅमेरा. पाच मिनिटांत कुणीतरी येणार. मी खिशातलं फडकं काढलं, थिनरची बाटली उघडली. त्याचा चेहरा पडला. "तू पुसणार? तू?"

"मीच पुसतो इथं सगळं. दुसरं कोण पुसणार? चल, दोघं मिळून पुसू, लवकर होईल."

"मी जय भीम पुसणार न्हाई," तो म्हणाला आणि गाडीत चढला. काचेचं दार बंद झालं. आतून तो माझ्याकडं बघत होता, गाडी सुटेपर्यंत.

मी पुसलं. आधी भीम गेला, मग जय. फडकं निळं झालं. आजवर या हातांनी किती तऱ्हेची घाण काढली, कधी मळमळलं नाही. त्या रात्री मळमळलं. ते फडकं कचऱ्यात टाकवेना. घरी आणलं.

दोन दिवसांनी विहारात तो भेटला. मुद्दाम लांब बसला होता. मीच गेलो. तो तयारीनं आला होता. म्हणाला, "१९७२ ला पँथर निघाली तेव्हा आपल्या लोकांनी भिंतीच रंगवल्या ना? तेव्हा कुणी पुसायला गेलं असतं तर?"

मी म्हणालो, "तेव्हा छापखाना आपल्याला उभा करत नव्हता. भिंत हाच आपला पेपर होता. आणि ती भिंत दुसऱ्याची होती."

"आणि ही?"

"ही आपली आहे."

तो हसला. हसण्यासारखंच होतं म्हणा. मग मी त्याला महाड सांगितलं. त्याला २० मार्च १९२७ ही तारीख पाठ होती, आपल्या सगळ्या पोरांना असते. त्याच्या आधीचं माहीत नव्हतं. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव पास झाला की सरकारी पैशातल्या विहिरी, तळी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं एकानंही ओंजळ भरली नाही, हिंमत नव्हती. मग बाबासाहेब गेले आणि पाणी प्यायले. मागून हजारो प्यायले. त्यांनी काय केलं? फक्त पाणी प्यायले. तळ्यात घाण कुणी टाकली? आपण नाही टाकली. शुद्धीकरण म्हणून शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी त्यांनी ओतल्या. स्वच्छ पाण्यात शेण! आणि म्हणे बाटवलं आम्ही.

मग संविधान आलं. कलम १५ मध्ये विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा आल्या. त्या ओळीत महाडचं पाणी आहे. तेव्हा हे स्टेशनसुद्धा चवदार तळंच आहे, पोरा. आपण तिथं हक्कानं उतरायचं, हक्कानं बसायचं. आपल्या तळ्यात आपण थुंकत नाही, आणि त्याच्या भिंतीवर कोरत नाही.

तो गप्प झाला. मला वाटलं जिंकलो. मग त्यानं विचारलं, "दादा, मग आपण लिहायचं कुठं?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आजही पुरतं नाही. मेट्रोचा २००२ चा कायदा आहे. त्यात एकाच कलमात दोन गोष्टी आहेत. मेट्रोच्या जागेत परवानगीशिवाय लिहायचं, चित्र काढायचं, पोस्टर लावायचं नाही, आणि निदर्शनही करायचं नाही. म्हणजे बदामात बाण काढणारा आणि अन्यायाविरुद्ध घोषणा देणारा एकाच ओळीत बसवलाय. जाहिराती मात्र चकाचक, उजेडाच्या पेटीत. त्यांनी पैसे भरलेत ना. त्याचा राग मलाही येतो. पण राग कायद्यावर आणि साहेबावर, आणि खांब घासायला लागणार आबाच्या पोराला? हा हिशोब मला पटत नाही. तू मार्करनं लिहितोस ती वरच्याला जखम होत नाही, तो वाचतसुद्धा नाही. ती माझ्या पाळीत येते. खालच्यानं खालच्यालाच कामाला लावायचं, ही युक्ती व्यवस्थेची आहे. आपण ती का वापरायची?

तुम्हाला आठवत असेल, वरळीचं आचार्य अत्रे चौक स्टेशन मे २०२५ मध्ये उघडलं आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला पावसाचं पाणी आत शिरलं. सगळ्या शहरानं मोबाईलवर ती चित्रं बघितली. कुणाची चूक, किती कोटी, यावर चर्चा झाल्या. पुढं स्टेशन परत चालू झालं. तो चिखल कुणी उपसला, याची एक ओळ मी शोधत होतो. माझ्या वाचनात आली नाही.

आता सहा डिसेंबर २०२५ चं सांगतो आणि थांबतो. चैत्यभूमीला येणारी आपली माणसं त्या वर्षी मेट्रोतही दिसली. त्या दिवशी मी जादा पाळी घेतली होती. दरवर्षी काही लोकांचं नाक मुरडणं ठरलेलं असतं, ही माणसं येतात आणि दादर घाण करतात. म्हणून मी मुद्दाम बघत होतो. एक आजी, पांढरं लुगडं, मराठवाड्याकडची. जिन्यावरून खाली आली, फरशी बघितली आणि थबकली. वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या.

"लेकरा, हितं पायताण चालतंय का रं?"

माझी आजी सांगायची, पाटलाच्या वाड्यापुढून जाताना चपला अशाच हातात घ्याव्या लागायच्या. माझ्या हातात पोचा होता. तो भिंतीला लावला आणि म्हणालो, "आजी, घाला चपला. चालतंय. बिनधास्त चाला."

"डाग पडंल की रं."

"पडू दे. पायाचा डाग हाय, पुसतो की मी."

तिनं चपला घातल्या, पण पाऊल जपूनच टाकत गेली. खालच्या गेटाशी तोच आपला मार्करवाला पोरगा होता, निळी पट्टी बांधून, लोकांना क्यूआर कसा दाखवायचा ते शिकवत. त्यानं आजीची पिशवी घेतली. माझ्याकडं बघितलं, मान हलवली. दिवसभर माणसं आली आणि गेली. रात्री पुसायला घेतलं तेव्हा धूळ भरपूर होती, गावागावाची. थोडी फुलं, चार बाटल्या. पिचकारी एकही नव्हती.

कार्यकर्ते दोस्तांनो, हे स्टेशन स्वच्छ ठेवा असं मी म्हणतोय ते आपण स्वच्छतेचे ठेकेदार म्हणून नाही. ती जागा आपली आहे म्हणून. आणि म्हणतोय तर दोन्ही बाजूंनी म्हणा. थुंकणाऱ्याला अडवा, कोरणाऱ्या पोराला समजवा. आणि लगेच दुसरा प्रश्न विचारा, पोचा धरणारे हात एकाच वस्तीचे का? ते कायम का नाहीत? त्यांची पोरं उद्या हेच करणार का? पहिला प्रश्न विचारून दुसरा गिळला तर आपण फुकटचे मुकादम झालो.

ते निळं फडकं अजून घरात खिळ्याला आहे. माईनं दोनदा धुतलं, रंग गेला नाही.

कधी खाली आलात तर भेटा. मी गणवेशात असेन. नावानं हाक मारा, आणि पाय जपून टाका. फरशी ओली असते.