कच्च्या कामाची पानं

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी दरवर्षी एक गणित गृहपाठाला देतो. एक्स तीनकडे जाताना एक्सचा वर्ग नऊकडे जातो, हे एप्सिलॉन-डेल्टा वापरून सिद्ध करायचं. गठ्ठ्यातल्या बहुतेक पानांवर डेल्टा एकच असतो: एक आणि एप्सिलॉन भागिले सात, यांतला लहान. पुढच्या ओळीही बिनचूक. समोर बसवून विचारलं, ‘हा सात कुठून आला?’ की उत्तर येतं, ‘सर, तसंच घ्यायचं असतं.’

यंदा एका मुलीच्या पानावर सात नव्हता. एसटीनं येणारी, मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी. पानभर खाडाखोड, आणि मधेच मराठीत लिहिलेलं: ‘एकच कशाला? अर्धा घेऊन बघू.’ अर्धा घेतल्यावर सातच्या जागी साडेसहा आले, डेल्टात दोन एप्सिलॉन भागिले तेरा आले. पक्कं तिनं लिहिलंच नव्हतं. डेल्टा शोधायचा उलट्या वाटेनं आणि सिद्धता लिहायची सुलट्या. ती उलट्या वाटेवरच थांबली होती. रीतीप्रमाणे गुण अर्धेच. पण तेव्हापासून गृहपाठ कशाला म्हणायचं, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

कच्चं काम जोडा, त्याला वेगळे गुण देईन, असं मी पूर्वी सांगून पाहिलं आहे. पानं आली. मात्र एकाची खोडलेली ओळ दुसऱ्याच्या खोडलेल्या ओळीशी जुळत होती. गुण ठेवले की कच्चंही पक्कं होतं, आणि गुण नाही ठेवले तर ते येतच नाही. आता तर सबमिशन मोबाइलवर पीडीएफनं. स्कॅन करताना कागद पांढराशुभ्र होतो आणि पेन्सिलीचं फिकट लिखाण उडून जातं. जे मला वाचायचं असतं नेमकं तेच.

क्लासवाल्यांवर माझा राग आहे तो इथेच. त्यांच्या नोट्समध्ये चूक नसते, पण प्रत्येक गणिताचा सात आधीच काढून दिलेला असतो, आणि पोरांना वाटतं गणित म्हणजे ते सातच. आमच्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचं बीडीएन ७११ हे तुरीचं वाण शेतकऱ्याच्या हाती पिशवीत पडतं. पण ते निवडताना बाजूला काढलेल्या ओळी पाहिल्याशिवाय निवड म्हणजे काय ते कुणाला कळेल?

मुलं रामानुजनचा दाखला देतात. तो कुठे सिद्धता लिहायचा? खरं आहे. कागद महाग, म्हणून तो पाटीवर काम करायचा, कोपरानं पुसायचा आणि वहीत फक्त निष्कर्ष उतरवायचा. त्या वह्यांमधल्या विधानांच्या सिद्धता मांडणारे ब्रूस बर्न्ट यांचे पाच खंड यायला १९८५ ते १९९८ इतका काळ लागला. मला मात्र त्या पुसलेल्या पाटीची हळहळ वाटते.

तरी फळ्यावर मीही पहिल्याच ओळीत डेल्टा लिहून टाकतो. शेवटी सगळं जुळतं तेव्हा वर्ग गप्प होतो, मागच्या बाकावरचं कुणीतरी ‘अरे!’ म्हणतं, आणि ते ऐकायला मला फार आवडतं. एम.एस्सी.ला असताना माझ्या वह्या नमुना म्हणून वर्गात फिरायच्या. एकही खोडलेली ओळ नाही, याचा तेव्हा अभिमान होता, अजून आहे. लाल पेन हातात घेतला की स्वच्छ पानाकडे डोळे आधी वळतात, आणि त्या मुलीचं पान वाचताना मला त्या डोळ्यांशी झगडावं लागलं.

तिला मी पूर्ण गुण दिले. पक्कं लिहून आणायलाही सांगितलं, कारण दुसऱ्याला पटेल असं लिहिता येणं हेही गणितच आहे. तिनं आणलं. चांगलं होतं, पण पहिल्या पानातली ती मराठी ओळ त्यात नव्हती.

या आठवड्याचा गृहपाठ घनाचा आहे: एक्स दोनकडे जाताना एक्सचा घन आठकडे. कारणं मराठीत लिहिली तरी चालतील, असं फळ्यावर लिहून ठेवलंय. नोट्समध्ये एकोणीस सापडतील. अर्धा घेतला तर सव्वापंधरा येतात. मला एका तरी वहीत सव्वापंधरा हवे आहेत.